नवा खुबा, जुनी टाच

ऑपरेशनचा चौथा दिवस असतो. भेटायला आलेला पुतण्या विचारतो, "काय म्हणतोय खुबा?" खाटेवरच्या काकू सांगतात, "खुब्याचं काही नाही रे. जखम ठणकते थोडी, पण ते सोसतं. ही टाच मात्र रात्रभर डोळा लागू देत नाही." चिरा पडला मांडीच्या वर आणि दुखते पार खाली टाचेत, हे गणित कोणालाच सुटत नाही. "झोपून झोपून झालं असेल," असे म्हणून घरातले पांघरूण नीट करतात. डॉक्टरांच्या फेरीत टाके, एक्स-रे, वॉकर आणि रक्त पातळ करणारी गोळी यांवर बोलणे होते. टाच पांघरुणाखालीच राहते.

"झोपून झोपून झालं असेल" हे निदान पहिल्या आठवड्यात बहुतेकदा बरोबरही असते. पण ते उच्चारून विषय मिटवला जातो आणि तिथेच घात होतो. खुबा बदललेल्या माणसाची टाच वेगवेगळ्या कारणांनी दुखू शकते आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा असतो. एका दुखण्यावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर टाच बिघडते. कधी कधी टाचेचा उपाय नव्या खुब्यालाच धोक्यात आणतो.

आज ज्या रूपात हे ऑपरेशन होते ते रूप घडले इंग्लंडमध्ये, लँकेशायरच्या रायटिंग्टन रुग्णालयात. सर जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली. ती काही वर्षांत झिजली आणि अनेक रुग्णांना पुन्हा ऑपरेशनला सामोरे जावे लागले. पुढे एक विक्रेता कापडगिरण्यांच्या यंत्रांत दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे एक प्लास्टिक घेऊन आला. चार्नली परदेशी गेलेले असताना त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते घासून पाहण्याच्या यंत्रावर चढवले, आणि ते जवळजवळ झिजलेच नाही. नोव्हेंबर १९६२पासून याच प्लास्टिकची, म्हणजे पॉलिएथिलीनची वाटी आणि स्टीलचा लहानसा गोळा अशी जोडी माणसांच्या खुब्यात बसू लागली. २००७ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाने या ऑपरेशनला शतकातले ऑपरेशन म्हटले, आणि ज्यांनी आपल्या आईवडिलांना वर्षांनंतर पुन्हा जिना चढताना पाहिले आहे त्यांना ते पटेल. यश एवढे मोठे असल्यामुळेच सगळ्यांची नजर खुब्यावर खिळते.

आता टाच. पावलाच्या तळाशी असलेली टाच निसर्गाने चांगल्या गादीवर ठेवली आहे. हाडाखाली साधारण पावणेदोन सेंटीमीटर जाडीचा चरबीचा थर असतो आणि ती चरबी मधाच्या पोळ्यासारख्या चिवट कप्प्यांत भरलेली असते, म्हणून प्रत्येक पावलाचा दणका ती पचवते. टाचेची मागची बाजू मात्र उघडी आहे. तिथे कातडी, कातडीखाली नावापुरता मऊ थर आणि लगेच हाड. माणूस उताणा झोपला की पायाचा भार गादीवर टेकतो तो नेमका या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी.

हा भार काय करतो ते कळायला एक जुना आकडा उपयोगी पडतो. १९३० साली यूजीन लँडिस यांनी नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म नळी घालून आतला दाब मोजला. रक्त जिथून आत शिरते त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. बाहेरून याहून जास्त दाब तासन् तास पडत राहिला, तर कातडीला रक्त पोचणे अवघड होते. सध्या वैद्यकशास्त्र हा आकडा काटेकोर सीमारेषा मानत नाही, कारण प्रत्येकाची कातडी आणि रक्तपुरवठा वेगळा असतो. पण मुद्दा तोच राहतो. साध्या गादीवर टेकलेल्या टाचेखालचा दाब त्याहून खूप वर जातो.

निरोगी माणसाला झोपेत याचा त्रास होत नाही, कारण टाच चुरचुरली की तो न जागा होता पाय हलवतो. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये बहुतेकदा कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. भूल उतरेपर्यंत काही तास टाच तक्रारच करू शकत नाही. भूल उतरल्यावर पाय हलवायची भीती असते, दोन पायांमध्ये उशी अडकवलेली असते, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली की माणूस हळूहळू खाली घसरत राहतो. मग तो वर सरकतो. कसा? चांगला पाय गुडघ्यात दुमडून, टाच गादीत रोवून, जोर लावून. म्हणूनच पुष्कळदा ऑपरेशन न झालेल्या पायाची टाच आधी सोलवटते आणि घरातल्यांना काही उलगडत नाही. पलंगाच्या वर टांगलेली पकड हातांनी धरून, नाहीतर दोघांच्या मदतीने चादरीसकट वर सरकणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

अंथरुणावरच्या दाबाने होणाऱ्या जखमांत माकडहाडाच्या खालोखाल टाचेचाच क्रमांक लागतो. मधुमेह, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणे, धूम्रपान आणि मुळातच अशक्त प्रकृती असेल तर धोका वाढतो. चार्नलींच्या काळात रुग्ण आठवडेच्या आठवडे अंथरुणात असत. आज बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात, हे टाचेच्याही हिताचे आहे. पण जखमेची सुरुवात पहिल्या काही तासांतही होऊ शकते, आणि ती जखम भरायला कधी कधी महिने लागतात.

ती टाळायला लागते एक उशी. ही उशी कशी ठेवायची ते मात्र नीट पाहायला हवे, कारण इथे घरोघरी चूक होते. उशी टाचेखाली ठेवायची नाही. नुसती गुडघ्याखालीही ठेवायची नाही. तिथे ती पाठीमागच्या शिरा दाबते आणि खुबा व गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडू शकतो. उशी लांबीत, पोटरीखाली ठेवायची: गुडघ्याच्या जरा खालपासून घोट्याच्या जरा वरपर्यंत. पायाचा भार सगळ्या पोटरीवर पसरला पाहिजे, गुडघा किंचित सैल राहिला पाहिजे आणि टाच उशीच्या कडेबाहेर अधांतरी लोंबली पाहिजे. टाच आणि गादी यांच्यामधून हाताचा पंजा आडवा सहज सरकला म्हणजे उशी बरोबर बसली. दोन पायांमधली उशी काढायची नाही, ती खुब्यासाठी आहे. बाजारात मिळणारी भोकाची रबरी चकती किंवा पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवू नयेत. चकतीच्या काठाने भोवतीचा रक्तपुरवठा अडतो, आणि टाच जिथे मोकळी वाटते तिथेच सुजते.

दुसरे काम पाहण्याचे. खुबा बदललेल्या माणसाला स्वतःची टाच दिसू शकत नाही. पाठीमागून चिरा देऊन ऑपरेशन झाले असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पाय मध्यरेषेपलीकडे नेऊन मांडीवर मांडी टाकायची नाही, पाऊल आत वळवायचे नाही, अशी बंधने बहुधा ६ ते १२ आठवडे पाळायला सांगतात. टाच पाहायला वाकणे म्हणजे यांतले किमान एक बंधन मोडणे. तेव्हा ती दुसऱ्या कोणीतरी पाहिली पाहिजे. कोणी नसेल तर लांब दांड्याला आरसा बांधावा, किंवा भेटायला आलेल्याला मोबाइलवर दोन्ही टाचांचा फोटो काढायला सांगावे. पायांत रक्त साकळू नये म्हणून घट्ट मोजे दिले असतील तर ते रोज काढून, आणि माणूस फारसा हलत नसेल तर दिवसातून दोन-तीनदा, टाच पाहायची असते. मोजा घातलेला आहे म्हणजे टाच सुरक्षित आहे, हा समज घातक आहे.

लाली दिसली तर त्यावर बोट काही क्षण दाबून सोडावे. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरते आहे आणि दाब काढला की टाच सावरते. लाली दाबूनही हटत नसेल तर जखमेची पहिली पायरी आलेली आहे. आपल्याकडच्या सावळ्या वर्णावर लाली दिसतेच असे नाही, म्हणून दोन्ही टाचांची तुलना करावी: एक जास्त काळपट किंवा जांभळट आहे का, जास्त गरम किंवा गार लागते का, पिकल्या फळासारखी पिचपिचीत लागते का. जांभळा डाग किंवा पाण्याचा फोड म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची गोष्ट. फोड घरी फोडू नये, आणि अशी जागा अजिबात चोळू नये. खालची पेशी आधीच दबून घायाळ झालेली असते, चोळण्याने ती फाटते.

चोळण्याचा विषय मराठी घरात निघणारच. आजीच्या काळापासून पायाला तेल, तळव्याला तूप लावून काशाची वाटी, आणि टाच दुखली की तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेक, असे उपाय चालत आले आहेत. प्रेमानेच केले जातात ते. काशाची वाटी निरोगी तळव्यावर फिरवली तर बिघडत नाही. पण ऑपरेशननंतरचे काही आठवडे पोटरी रगडू नये, कारण पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. गरम वीट तर नकोच. मधुमेहाने किंवा मज्जातंतू दुखावल्याने ज्या पायाची जाणीव कमी झाली आहे त्याला चटका बसलेला कळत नाही, आणि भाजलेली टाच म्हणजे कृत्रिम सांधा असलेल्या शरीरात जंतूंना उघडे दार. टाचेच्या खोल भेगांनाही हेच लागू आहे. त्यांना रोज मलम लावून मऊ ठेवावे, ब्लेडने तासू नये.

हे झाले खाटेवरचे दुखणे. दुसरे येते चालायला लागल्यावर, तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही पुढे, आणि ते टाचेच्या मागे नसते तर खाली असते. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टेकवले की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले चालल्यावर ती ओसरते आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा येते. लोक याला "टाचेचं हाड वाढलंय" म्हणतात. एक्स-रेमध्ये हाडाचे टोक दिसतेही, पण असे टोक कधीच टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसते. दुखणारी गोष्ट बहुधा वेगळी असते: टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात ताणलेला चिवट पट्टा, प्लांटर फॅशिया.

हा पट्टा कसा काम करतो ते जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली दाखवून दिले. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला जावा तसा, पायाचा अंगठा वर वळला की हा पट्टा अंगठ्याच्या मुळाभोवती ताणला जातो, पावलाची कमान उचलली जाते आणि सैल पाऊल घट्ट होऊन पुढे ढकलायला तयार होते. प्रत्येक पावलाला हा रहाट फिरतो. ज्या माणसाने खुब्याच्या दुखण्यापायी पाच-सात वर्षे लंगडत काढली, दुखरा पाय आखूड झाल्यामुळे चवड्यावरच टेकवला, त्याची पोटरी आखडलेली असते आणि टाचेला भाराची सवय राहिलेली नसते. ऑपरेशनने पायाची लांबी परत येते, टाच पुन्हा जमिनीला लागते आणि आखडलेल्या पोटरीसकट हा पट्टा एकाएकी कामाला जुंपला जातो. दुसरा पाय तर वर्षानुवर्षे दोघांचे ओझे वाहत आलेला असतो. त्यातच घरातली कडक लादी आणि अनवाणी चालण्याची सवय.

उपचार सरळ आहे, आणि इथेच फसगत होते. २००३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथील बेनेडिक्ट डिजियोव्हानी आणि सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसती पोटरी ताणण्यापेक्षा थेट तळव्याचा पट्टा ताणणाऱ्यांना आठ आठवड्यांनी जास्त आराम पडला होता. व्यायाम असा: बसून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, हाताने बोटे वर ओढायची, दहा सेकंद धरायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि पहिली खेप सकाळचे पाऊल टेकवण्याआधी. टाचेसाठी उत्तम. पण नव्या खुब्याच्या माणसाने पहिल्या आठवड्यांत हा केला तर पायावर पाय येतो, खुबा खोल वाकतो आणि बाहेर वळतो. सांधा निखळण्याच्या भीतीने ज्या हालचाली बंद केल्या आहेत, त्यांच्याच वाटेने तो जातो. मोबाइलवर "टाचदुखीवर रामबाण" म्हणून फिरणाऱ्या चित्रफितींत हे कोणी सांगत नाही, कारण त्या खुबा बदललेल्यांसाठी केलेल्याच नसतात.

त्याऐवजी पंचा घ्यावा. पाठीला उशा लावून मागे रेलून बसावे, पाय सरळ. वाकायचे नाही, म्हणून पंचाचा फास दुसऱ्याने चवड्याभोवती अडकवून द्यावा. दोन्ही टोके हातात धरून चवडा आणि बोटे सावकाश आपल्याकडे ओढावीत, धरावे, सोडावे. तळवा आणि पोटरी दोन्ही ताणली जातात आणि खुबा जागचा हलत नाही. उंच खुर्चीत बसून गार पाण्याच्या बाटलीवर तळवा मागेपुढे फिरवणेही चालते, फक्त घरंगळलेली बाटली उचलायला स्वतः वाकायचे नाही. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे नेऊन पोटरी ताणण्याचा व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावा. समोरून चिरा दिलेल्या ऑपरेशननंतर पाय मागे नेण्यावरच बंधन असू शकते. घरात अनवाणी फिरणे थांबवावे. मऊ तळ, मागून बंद किंवा पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे पायात हवीत. सैल सपाता टाचेला आधार देत नाहीत आणि पडण्याला निमंत्रण देतात. अशी काळजी घेतली तर बहुतेकांची ही टाचदुखी काही महिन्यांत ते वर्षभरात बरी होते. तोवर दुकानातून आपल्या मनाने डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून खाऊ नये. खुब्यानंतर रक्त पातळ ठेवणारे औषध महिनाभर, कधी ३५ दिवस चालू असते, आणि दोन्ही एकत्र घेतली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यायचे झाले तर आधी खुब्याच्या सर्जनला कळवावे.

चालण्याची काठी हाही टाचेचा उपचार आहे, आणि ती बहुतेक लोक चुकीच्या हातात धरतात. उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात. एका पायावर उभे राहताना खुब्याच्या बाजूच्या स्नायूंना शरीर तोलायला इतका जोर लावावा लागतो की सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. विरुद्ध हातातली काठी हा तोल वाटून घेते. मिलवॉकीचे सर्जन वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली 'काठी फेकून देऊ नका' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेखच अस्थिशल्यचिकित्सेच्या नियतकालिकात लिहिला. काठी लवकर टाकली की लंगडणे परत येते, आणि लंगडण्याचा हिशेब टाच चुकती करते.

अनेकांना वाटते, एक पाय लांब झाला म्हणून टाच दुखते. कधी लांबीत थोडा फरक खरोखर पडतो. पण पुष्कळदा खुब्याभोवतीचे स्नायू आखडून कंबर तिरकी झालेली असते आणि पाय फक्त लांब भासतो. ती तिरकी कंबर काही महिन्यांत व्यायामाने सरळ होते. त्याआधीच दुसऱ्या चपलेत जाड पॅड बसवले तर शरीर त्या तिरकेपणालाच सरावते. मोजमाप करून, थांबून, मग निर्णय घ्यावा.

तिसरे दुखणे ओळखायला सोपे असते, कारण त्याची भाषा वेगळी आहे. टाच दाबली तरी दुखत नाही, पण जळते, मुंग्या येतात, वीज चमकल्यासारखी कळ जाते किंवा बधिर वाटते. हे मज्जातंतूचे दुखणे. खुब्याच्या मागून करंगळीएवढी जाड सायटिक नस जाते. पहिल्यांदा होणाऱ्या खुब्याच्या ऑपरेशनमध्ये साधारण शंभरात एकाच्या नसेला इजा होते. ती ताणली जाऊ शकते किंवा साकळलेल्या रक्ताने दबू शकते. कमरेच्या मणक्यात आधीपासून दबलेली नसही आता टाचेत बोलू शकते, कारण खुबा आणि कंबर यांची दुखणी एकाच माणसात नेहमी सोबतीने नांदतात. पाऊल वर उचलता येत नसेल, चवडा लोंबत असेल, तर सकाळची वाट न पाहता सर्जनला फोन करावा. पोटरी सुजली, ताणल्यासारखी दुखू लागली तरी त्याच दिवशी दाखवावे. छातीत दुखले किंवा धाप लागली तर थेट रुग्णालय गाठावे.

फेरीला आलेल्या डॉक्टरांना "टाच दुखते" एवढेच सांगून भागत नाही. मागे दुखते की खाली, पडल्यापडल्या दुखते की पहिल्या पावलाला, ठणकते की जळते, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या तर निम्मे निदान तिथेच होते. आणि घरात नुकताच खुबा बदललेले कोणी असेल, तर आज रात्री दिवा मालवण्याआधी त्यांच्या पायाकडचे पांघरूण वर करा, मोजे उतरवा आणि दोन्ही टाचा हातात घेऊन उजेडात पाहा. त्यांना स्वतःला त्या दिसत नाहीत.